नोकरी गेली म्हणून किहीमला राहायला आले आणि सुगरणीच्या घरट्याचं गुपित उलगडलं : गोष्ट सलीम अलींची

पावसाळा सुरू झाला की कोकणात जाताना गाडीच्या काचेतून एक दृश्य हमखास दिसतं. शेताच्या बांधावरची ताड-माडाची झाडं, नाहीतर विहिरीवर वाकलेली एखादी बाभूळ आणि तिला उलटी टांगलेली गवताची घरटी. दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त. सुगरणीची घरटी.

आता गंमत बघा. आपण पक्ष्याला नाव दिलं सुगरण, म्हणजे बाई. बहिणाबाईंच्या कवितेतही खोप्याचं कौतुक सुगरणीच्याच वाट्याला येतं. पण घरटं बांधतो तो नर. मादी फक्त तपासायला येते. आवडलं तर राहते, नाही आवडलं तर शेजारच्याकडे जाते. भाषेने अख्खं श्रेय चुकीच्या पक्ष्याला देऊन टाकलंय.

घरटं नर बांधतो हे पूर्वीपासून लोकांना दिसत होतं. पण त्या बांधकामामागचा संसार नेमका कसा चालतो हे नीट मांडलं गेलं ते रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीम गावात, १९३० साली. मांडणारा माणूस तेव्हा ३३ वर्षांचा होता. हाताला काम नव्हतं, नावापुढे पदवी नव्हती आणि मुंबईत राहणं परवडत नव्हतं म्हणून तो बायकोसोबत किहीमच्या घरात येऊन राहिला होता.

त्यांचं नाव सलीम अली.

आज त्यांच्या नावाची अभयारण्यं आहेत, संशोधन संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरमध्ये एक सरोवर आहे. शाळेच्या पुस्तकात पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण असा फोटो बघून आपल्याला वाटतं, हा माणूस जन्मतःच पक्षीशास्त्रज्ञ असणार. प्रत्यक्षात सुरुवात बंदुकीपासून झाली.

१२ नोव्हेंबर १८९६ चा जन्म, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. भावंडांमध्ये सलीम सगळ्यात धाकटा. वर्षाचा असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमिरुद्दीन तैयबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या सगळ्या मुलांना वाढवलं. मामांना शिकारीचा नाद. त्या काळी खात्यापित्या घरातल्या पोराला छर्र्याची बंदूक मिळणं हे आज मोबाईल मिळण्याइतकं साधं होतं. सलीमलाही मिळाली आणि तो चिमण्या मारत सुटला.

एकदा मारलेली चिमणी जरा वेगळी निघाली. गळ्यावर पिवळा डाग. पोराला प्रश्न पडला की ही खायला चालते की नाही. मामांनाही सांगता येईना. पण मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे बीएनएचएसचे, सदस्य होते. त्यांनी चिठ्ठी लिहून पोराला सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं.

खरंतर एका इंग्रज साहेबाने शाळकरी पोराला दोन मिनिटांत वाटेला लावलं असतं तरी कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, कपाटं उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले आणि पक्ष्यांचे नमुने कसे टिकवायचे हे शिकायची सोयही करून दिली. पुढे सलीम अलींनी आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातही ती चिमणी आहे.

पण आवड वेगळी आणि पोट वेगळं. १९१३ ला मॅट्रिक झाले, कॉलेज अर्धवट सोडलं आणि ब्रह्मदेशात तवॉयला गेले. तिथे घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा आजूबाजूच्या जंगलात जीव जास्त रमला, मग धंद्याचं जे व्हायचं तेच झालं. मधल्या काळात मुंबईत येऊन व्यापारी कायदा आणि हिशेब शिकले, सेंट झेवियर्समधल्या फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्राचा अभ्यासही केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा परत. झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षीशास्त्रज्ञाची जागा होती, ती विद्यापीठाची पदवी नाही म्हणून हातची गेली.

१९२६ ला मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. येणाऱ्यांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगायची. दोन वर्षांत त्यांना कळलं की आपल्याला स्वतःलाच अजून बरंच शिकायचंय. रजा घेतली आणि बायकोला घेऊन थेट बर्लिन गाठलं. तिथल्या प्राणी संग्रहालयात एर्विन स्ट्रेसमान हे त्या काळातलं पक्षीशास्त्रातलं मोठं नाव होतं. त्यांच्या हाताखाली सलीम अली एक गोष्ट शिकले, जी पुढे आयुष्यभर पुरली. मेलेल्या पक्ष्याची चोच आणि पंख मोजणं हे शास्त्राचं एक टोक. जिवंत पक्षी काय करतो, कुठे राहतो, काय खातो, कुणाशी भांडतो हे बघणं हे दुसरं. आणि भारतात त्या दुसऱ्या टोकाला फारसं कुणी हात लावलेला नव्हता.

डोक्यात हे सगळं घेऊन १९३० ला परत आले, तर म्युझियमने पैशाअभावी ती जागाच रद्द केलेली.

शिक्षण घेऊन परत यावं आणि नोकरीच शिल्लक नसावी, हा प्रसंग आमच्या पिढीला वेगळा समजावून सांगायला नको.

किहीम तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं, रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळालं. मुंबईतून समुद्र ओलांडला की गाव जवळ, पण तसं जगापासून लांब. नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे भातखाचरं, पुढे समुद्र. आणि घराच्या आसपासच सुगरणींची वसाहत.

सुगरणीबद्दल तोपर्यंत लिहिलं गेलं नव्हतं असं नाही. उलट खूप लिहिलं, बोललं गेलं होतं. घरट्याच्या आत चिखलाचे गोळे सापडतात, तर त्यावर काजवे चिकटवून सुगरण रात्री घरात दिवा लावते, अशी गोष्ट खेड्यापाड्यात आजही सांगतात. झाडावर पूर्ण घरट्यांच्या बाजूला अर्धवट सोडलेली घरटी दिसतात. ती नराने आपल्याला बसायला बांधलेली असतात असाही समज होता. पण एकाच वसाहतीसमोर रोज बसून, कोणता नर, कोणती मादी, कोणतं घरटं, कधी काय झालं, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

सलीम अलींकडे आता वेळच वेळ होता. पावसाळ्याचे महिने ते त्या घरट्यांसमोर तासन्‌तास बसले आणि बघितलं ते लिहून काढलं.

त्यातून जे बाहेर आलं ते असं. पाऊस पडला, गवत आणि भात वाढलं की नर कामाला लागतात. पात्याच्या कडेला चोचीने चीर द्यायची आणि उडता उडता लांब पट्टी सोलून घ्यायची. अशा शेकडो फेऱ्या मारून, गाठी मारत, विणत घरट्याचा वरचा घुमट तयार होतो. मधे एक आडवी पट्टी. दिसायला उलट्या टोपलीसारखं किंवा शिरस्त्राणासारखं. इथे नर थांबतो. पुढचं बांधकाम मंजुरीवर अवलंबून.

मग माद्या येतात. त्या आल्या की अख्ख्या झाडावर गोंधळ. प्रत्येक नर आपापल्या घरट्याला लोंबकळून पंख फडफडवतो, ओरडतो. माद्या आत शिरून पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं की ती तिथे ठाण मांडते आणि नर घाईघाईने खालचा अंडी ठेवायचा कप्पा आणि लांब नळीसारखं दार पूर्ण करतो. ज्यांच्याकडे कुणी फिरकत नाही त्यांची घरटी तशीच अर्धवट लटकतात. म्हणजे ती बसायची जागा वगैरे काही नव्हती, ते नाकारलेले फ्लॅट होते.

खरी मेख पुढे आहे. मादी अंड्यांवर बसली की नराचं या घरातलं लक्ष संपतं. तो शेजारी नवं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. ते जमलं तर तिसरं. एका हंगामात एकाच नराचे एकामागून एक संसार. अंडी उबवणं मादीकडे आणि पिल्लांचा बहुतेक भारही तिच्यावरच. १९३१ मध्ये बीएनएचएसच्या जर्नलमध्ये हा लेख आला आणि पक्षीशास्त्रातल्या लोकांना सलीम अली हे नाव माहीत झालं.

नोकरी टिकली असती तर हा पावसाळा म्युझियमच्या दालनात गेला असता.

त्यानंतर त्यांनी संस्थानांना एक हिशेबी प्रस्ताव दिला. तुमच्या राज्यातले पक्षी कुणी मोजलेले नाहीत, मी मोजून देतो. पगार नको, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा मोहिमा झाल्या. बैलगाडी, तंबू, कंदील. तेहमिना यांनी यातल्या कितीतरी मुक्कामांत छावणी सांभाळली. सलीम अलींचं इंग्रजी जे इतकं सोपं आणि सुंदर वाटतं त्यातही त्यांचा हात होता. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. सलीम अली बहिणीच्या घरी राहायला गेले आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं त्यांनी कामाशिवाय दुसरं काही केलं नाही, असं म्हटलं तरी चालेल.

अर्थात मोटारसायकल सोडून. गाड्यांचं वेड जबर होतं. १९५० ला स्वीडनमध्ये पक्षीशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद होती, तर हा पन्नाशी ओलांडलेला माणूस आपली सनबीम बोटीत घालून युरोपात घेऊन गेला आणि तिच्यावर बसून परिषदेला पोचला. तिथल्या काही लोकांना वाटलं, हा भारतातूनच गाडी चालवत आला.

१९४१ ला भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं, द बुक ऑफ इंडियन बर्ड्स. चित्रं बघून पक्षी ओळखा, इतकी साधी कल्पना. त्याआधी पक्षी बघणं हा साहेबांचा आणि राजेरजवाड्यांचा उद्योग होता, या पुस्तकाने तो कारकून आणि मास्तरांपर्यंत आणला. पुढे १९६८ ते १९७४ या काळात अमेरिकन सहकारी डिलन रिप्ली यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर दहा खंड लिहिले.

आता मुद्द्याचं. पक्षी मोजणारा माणूस जागा वाचवणारा कसा झाला?

राजस्थानात भरतपूरला केवलादेव नावाची पाणथळ आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर. महाराजांनी बांध घालून ती बदकांच्या शिकारीसाठी जोपासली होती. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकार पार्टीने तिथे एका दिवसात ४ हजार २७३ पक्षी मारले. आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. योगायोगाने तो सलीम अलींचा ४२ वा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर हे पाणी काढून जमीन शेतीला द्यावी अशी मागणी जोर धरू लागली. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत धाव घेतली आणि पाणथळ वाचली. केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून झालेल्या लढ्यातही ते होते, तिथे १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

शिकारीसाठी राखलेली जागाच पुढे प्राण्यांचा आसरा होते, हे विचित्र वाटतं. पण रायगडमध्येही तेच झालंय. मुरूड-रोहा तालुक्यांतलं फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. नवाबांनी राखलं म्हणून तिथली झाडं सरपण आणि कोळशासाठी गेली नाहीत. फेब्रुवारी १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं, सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि आत बिबट्या, सांबर, भेकर, शेकरू. जंगलात पाण्याच्या नैसर्गिक जागा आहेत, त्यांना स्थानिक लोक गाण म्हणतात. उन्हाळ्यात सगळं रान या गाणांभोवती गोळा होतं. पनवेलजवळचं कर्नाळा त्याआधीचं, १९६८ चं. राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य अशी त्याची ओळख. सुरुवातीला जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होतं, नंतर वाढवून १२ च्या पुढे नेलं. मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या अंगावरून जातो. तरी किल्ल्याच्या सुळक्याखालच्या झाडीत स्वर्गीय नर्तक आणि भृंगराज दिसतात.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण सलीम अलींची गोष्ट सांगताना भरतपूरचं दुसरं प्रकरण गाळलं तर ती अर्धीच राहील.

केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथे गुरं चारायला बंदी आली. आजूबाजूच्या गावांची म्हशी-गाई पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात चरत होती. गुरं गेली पाहिजेत या बाजूने सलीम अलीही होते. पर्यायी चाऱ्याची सोय न करता भिंत आणि पहारा बसला. नोव्हेंबरमध्ये गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि गावकऱ्यांचे जीव गेले.

आणि मग काय झालं? म्हशी ज्या गवतावर जगायच्या ते गवत बंदीनंतर बेसुमार वाढलं. उघडं पाणी कमी झालं, माशांना आणि बदकांना जागा उरेना. बीएनएचएसनेच, म्हणजे सलीम अलींच्याच संस्थेने, तिथे दहा वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की चराईबंदीने पाणथळीचं नुकसान केलं. म्हशी त्या व्यवस्थेचा भाग होत्या. हा अहवाल आला तेव्हा ते हयात नव्हते. माझं वैयक्तिक मत विचाराल तर इथे सलीम अली चुकले. किहीममध्ये पक्ष्यांसमोर महिनोन्‌महिने बसून मगच बोलणारा माणूस म्हशींच्या बाबतीत तेवढा थांबला नाही. पण चूक पकडली गेली ती त्यांनीच रुजवलेल्या पद्धतीने, जागेवर वर्षानुवर्षं बसून नोंदी घेत.

बीएनएचएससाठी त्यांनी केलेलं काम वेगळ्या लेखाचा विषय आहे. इंग्रज गेल्यावर संस्था डबघाईला आली तेव्हा नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालायची मोहीम चालवली. सत्तरच्या दशकात जे. पॉल गेटी पुरस्काराचे ५० हजार डॉलर मिळाले, तेही संस्थेच्या संवर्धन निधीला देऊन टाकले. १९७६ ला पद्मविभूषण, १९८५ ला राज्यसभेवर नेमणूक.

२० जून १९८७ ला, नव्वदाव्या वर्षी, ते मुंबईत गेले. पुढच्याच वर्षी गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावरच्या खारफुटीला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि त्याला सलीम अलींचं नाव दिलं गेलं. दोन चौरस किलोमीटरपेक्षाही लहान. रायबंदरहून फेरीबोट पकडली की समोरच. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून १२ नोव्हेंबरला सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत पक्षी सप्ताह असतो.

रायगडच्या किनाऱ्यावर मात्र वेळ कमी उरलाय. उरणमध्ये पाणजे आणि आसपासच्या पाणथळींवर दर हिवाळ्यात रोहित आणि चिखलपक्षी उतरतात. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला नवी मुंबईचं विमानतळ. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा अडवल्या जातात, अशी तक्रार मच्छीमार आणि पर्यावरण कार्यकर्ते वर्षानुवर्षं करतायत. पाणी अडलं की जमीन सुकते, आणि सुकली की तिला कुणी पाणथळ म्हणत नाही. या पाणथळी राखा, असं बीएनएचएसही सांगत आलीय.

किहीममध्ये मांडव्याच्या रो-रो बोटीतून गाडीसकट उतरता येतं. भातखाचरांच्या जागी कुंपणं आणि बंगले वाढलेत. सुगरणीला लागतं काय, तर लांब पात्यांचं गवत किंवा भात, जवळ पाणी आणि टांगायला एक सुरक्षित फांदी. कापलेल्या लॉनमधून घरट्याची पट्टी निघत नाही.

१९३० च्या पावसाळ्यात किहीमच्या सुगरणी काय करत होत्या, याची नोंद छापील स्वरूपात आहे. भारतातल्या फार कमी गावांकडे असं काही आहे. आजच्या सुगरणींची नोंद करायची असेल तर जून ते सप्टेंबर हा काळ बरा. एक वही, साधी दुर्बीण आणि छत्री पुरते. फक्त घरट्यापासून लांब बसायचं, आणि रिकामं दिसलं तरी झाडावरचं घरटं तोडून दिवाणखान्यात लावायला आणायचं नाही. ते अर्धवट असेल, तर कदाचित अजून पाहणी व्हायची बाकी असते.